सायकलीचा डिस्क ब्रेक : आधी बोल्ट तपासावेत, मग तार

पावसाळाभर पांदण रस्त्यावरून शेतात आणि तिथून शाळेत किंवा बाजाराला गेलेल्या सायकलीचा डिस्क ब्रेक दिवाळीच्या सुमारास कुरकुर करू लागतो. ब्रेक दाबला की तो किंचाळतो, चाक फिरताना एकसारखी खसखस ऐकू येते, किंवा लिव्हर दांडीला टेकली तरी सायकल थांबत नाही. यावर आपल्याकडे ठरलेला उपाय म्हणजे ब्रेकची तार ओढून घट्ट करणे. तार ताणल्याने दोनचार दिवस बरे वाटते, परंतु खरा बिघाड सैल बोल्टात असेल तर तो तसाच राहतो आणि उतारावर उघडा पडतो. म्हणूनच तपासणीची सुरुवात बोल्टांपासून करावी. खाली दिलेली पद्धत तारेवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकसाठी आहे.

कामाला ४, ५ आणि ६ मिलिमीटरचे ॲलन पाने, चांदणीसारख्या टोकाचा टी-२५ पाना, स्वच्छ सुती फडके आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढे पुरते. हे अल्कोहोल मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांकडे बहुधा असते. हात धुण्याचे सॅनिटायझर त्याऐवजी वापरू नये, कारण त्यातील ग्लिसरीन डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या चकतीवर, चिकटून राहते.

प्रथम सायकल धुवावी. आपली काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. कॅलिपर म्हणजे दोन पॅडांनी डिस्क दाबणारा चिमटा; त्याच्या फटीत बसलेला मातीचा गोळा पॅडला मागे सरकू देत नाही, आणि त्यातली बारीक कचर डिस्क व पॅड दोन्ही झिजवते. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. ट्रॅक्टर धुण्याचा जोरदार फवारा चाकाच्या आसावर मारू नये, कारण त्याने बेअरिंगमधील ग्रीस निघून जाते. डिस्क नुकतीच वापरलेली असेल तर ती तापलेली असते, आणि फिरत्या डिस्कच्या भोकांत बोट अडकले तर तुटू शकते; लहान मुलांना जवळ बसवून हे काम करणाऱ्यांनी याची विशेष काळजी घ्यावी.

यानंतर आसाचे नट किंवा चाक झटपट काढण्याच्या खटक्याची (क्विक रिलीजची) लिव्हर पाहावी. खटका पूर्ण बंद असला पाहिजे, आणि पुढच्या चाकाला तो असल्यास उघडल्यावर डिस्कला टेकता कामा नये. उघडी लिव्हर पुढच्या डिस्कमध्ये अडकू शकते, या कारणासाठी २०१५ साली अमेरिकेत लाखो सायकली परत मागवण्यात आल्या होत्या.

आता डिस्कचे बोल्ट तपासावेत. बहुतेक सायकलींत डिस्क सहा बोल्टांनी चाकाला जोडलेली असते. माझ्या पुतण्याच्या नव्या सायकलीत सहापैकी दोन बोल्ट हाताने फिरत होते, आणि दुकानातून आल्यापासून होणाऱ्या खटखटीला घरातले सगळे नवेपणा समजत होते. बोल्ट एका ओळीने न कसता समोरासमोरचे घेत, थोडे थोडे करून कसावेत, म्हणजे डिस्क वाकडी बसत नाही. जोर किती लावायचा, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. पिळण्याचा हा जोर (टॉर्क) न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. शिमानो कंपनीच्या डिस्कसाठी तो २ ते ४ न्यूटन-मीटर आहे, काही कंपन्यांचा ६ च्या आसपास असतो, म्हणून आपल्या सायकलीचे पुस्तक आधी पाहावे. टॉर्क दाखवणारा पाना गावात सहसा मिळत नाही. अशा वेळी इतके लक्षात ठेवावे की १० सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे ४ किलोचा भार दिला की ४ न्यूटन-मीटर होतात. पुस्तकात दिलेल्याहून जास्त जोर लावला तर ॲल्युमिनियमच्या हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचे, आटे मरू शकतात. बोल्ट काढलाच असेल तर आटे पुसून मध्यम पकडीचा निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून बसवावा. तिथे तेल अजिबात लावू नये. हरवलेल्या बोल्टच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला जवळपास बसेल असा बोल्ट घालणे धोक्याचे आहे, कारण लांबी थोडी जास्त झाली तरी तो फिरताना कॅलिपरला घासू शकतो.

कॅलिपर फ्रेमला दोन बोल्टांनी धरलेला असतो. मध्ये अडॅप्टर, म्हणजे जोडतुकडा, असेल तर आणखी दोन असतात, आणि नेमके तेच पाहायचे राहून जातात. यांना साधारण ६ ते ८ न्यूटन-मीटर लागतात. पुढचा ब्रेक दाबून धरून सायकल मागेपुढे हलवावी आणि दुसरा हात कॅलिपरवर ठेवावा. खट असा धक्का बोटांना जाणवला तर कोणता तरी बोल्ट सैल आहे, किंवा पॅड जागेवर नीट बसलेले नाही.

पॅडवरचा घर्षणाचा थर अर्धा मिलिमीटर उरला असेल तर पॅड बदलावेत. साखळीचे तेल उडून पॅडवर गेले असेल तर ते पुसून फारसा उपयोग होत नाही, कारण तेल थरात मुरते. डिस्क अल्कोहोलने पुसून पॅड नवे घालावेत. केवळ चकाकी आली असेल तर सँडपेपरवर हलके घासावे आणि ती धूळ नाकात जाऊ देऊ नये.

तारेची पाळी सर्वांत शेवटी येते. स्वस्त सायकलींच्या कॅलिपरमध्ये बाहेरचे एकच पॅड हलते आणि आतले स्थिर असते, म्हणून ब्रेक दाबला की डिस्क किंचित वाकून आतल्या पॅडला टेकते. पॅड झिजल्यावर आतल्या बाजूचा गोल स्क्रू फिरवून ते पॅड डिस्कजवळ आणावे, व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट ठेवावी, आणि तारेची केवळ ढिलाई काढावी. तारच ओढत राहिल्यास कॅलिपरचा दांडा आधीच अर्धा फिरलेला राहतो आणि गरजेच्या क्षणी त्याला पुढे फिरायला जागा उरत नाही. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना हे कळणे फार महागात पडते.

नवे पॅड घातल्यावर मोकळ्या सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा सावकाश ब्रेक लावावा, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात. शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून बाजूच्या भागावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढावी. पहिल्या फेरीनंतर, आणि पुढे दर आठवडी बाजाराच्या दिवशी ती पाहावी. रेघ तुटलेली किंवा सरकलेली दिसली तर तो बोल्ट काढून, पुसून, थ्रेडलॉकरसह पुन्हा बसवेपर्यंत ती सायकल कोणालाही चालवायला देऊ नये.