भूपट्ट आणि पृथ्वीचं अंतरंग : या चुका टाळा

भूगोलाच्या उत्तरपत्रिकांत, मग त्या बारावीच्या असोत की स्पर्धा परीक्षांच्या, एक वाक्य हमखास सापडतं : 'भूकवचाखाली (पृथ्वीच्या सर्वांत वरच्या कठीण थराखाली) वितळलेला शिलारस असून त्यावर भूपट्ट तरंगतात.' एवढ्याशा वाक्यात दोन चुका आहेत, आणि पुढचा बराचसा गोंधळ त्यांच्याच पोटी जन्म घेतो.

पहिली चूक प्रावरणाची, म्हणजे भूकवच आणि गाभा यांच्यामधल्या जाड थराची. प्रावरण घन आहे. आकृत्यांत ते लालभडक रंगवतात, म्हणून द्रव वाटतं, इतकंच. पुरावा भूकंपलहरींचा आहे : दुय्यम लहरी (भूकंपाच्या 'एस' लहरी) द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून त्या खुशाल प्रवास करतात आणि सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर अडतात. द्रव आहे तो तिथून सुरू होणारा बाह्य गाभा. त्याच्या आतला गाभा पुन्हा घन. डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये लहरींच्या नोंदींवरूनच तो ओळखला. मग घन प्रावरण वाहतं कसं? हिमनदीचा बर्फ घनच असतो, तरी तो उतारावरून सरकतोच ना! प्रावरणातला तापलेला खडकही तसाच, वर्षाला काही सेंटीमीटर, सरकत राहतो. शिलारस बनतो तो मोजक्या ठिकाणी : वर येणाऱ्या खडकावरचा दाब कमी झाला किंवा खाली घुसणाऱ्या भूपट्टातलं पाणी त्यात मिसळलं, की खडकाचा थोडा भाग वितळतो.

दुसरी चूक म्हणजे भूकवचालाच भूपट्ट समजणं. भूकवच खंडांखाली सरासरी ३५ किलोमीटर जाड, सागरांखाली जेमतेम ७. भूपट्टात हे भूकवच तर येतंच, शिवाय त्याला खालून जोडलेला प्रावरणाचा ताठ थरही येतो. दोन्ही मिळून साधारण १०० किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. वहीत १० सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलंत, तर खंडीय भूकवचाची जाडी अर्धा मिलिमीटर भरते, म्हणजे पेन्सिलीची रेघच. बाह्य गाभा सुरू होतो पृष्ठभागापासून साडेचार सेंटीमीटरवर. एकदा असं प्रमाणात काढून बघाच. पाठ केलेले आकडे विसरायला होतात, ही आकृती सहसा विसरत नाही.

किनारा म्हणजे भूपट्टाची सीमा, हाही समज सोडा. भारतीय भूपट्टावर आपली जमीन आहे आणि अरबी समुद्राचा, बंगालच्या उपसागराचा मोठा तळही आहे. कोकण किनारा भूपट्टाची कड नाही. दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा मात्र आहे.

जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांच्याबद्दल थोडक्यात. त्यांनी १९१२ मध्ये मांडलं ते खंडवहन, म्हणजे खंड सरकतात ही कल्पना. भूपट्ट सिद्धांत आकाराला आला १९६० च्या दशकात, सागरतळ पसरतो हे कळल्यावर. वेगेनर १९३० मध्येच वारले होते. आणि 'भूपट्ट का हलतात?' याला केवळ 'अभिसरण प्रवाहांमुळे' (प्रावरणातला तापलेला खडक वर येतो, थंड झालेला खाली जातो, त्यामुळे) एवढं उत्तर अपुरं आहे. प्रावरणात बुडणारं थंड, जड टोक मागच्या भूपट्टाला ओढतं, तो या हालचालीतला मोठा वाटा.

सह्याद्रीला वली पर्वत म्हणणाऱ्यांचं तर नवलच वाटतं. वली पर्वत म्हणजे थरांना घड्या पडून उभा राहिलेला पर्वत, उदाहरणार्थ हिमालय. तो दोन खंडांच्या टकरीतून उभा राहिला. सह्याद्री ही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून आलेल्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेल्या पठाराची झिजलेली कड आहे.

आता सगळ्यात रुतून बसलेला समज : भूकंप फक्त भूपट्टांच्या सीमेवर होतात, दख्खन सुरक्षित. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाने तो खोटा ठरवला. भूपट्ट उत्तरेला आशियावर रेटला जातो, तो ताण भूपट्टाच्या आतही साठतो आणि जुन्या कमकुवत भेगांवर मोकळा होतो. कोयनेबाबत वेगळा घोळ होतो. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप 'धरणाच्या वजनाने झाला' असं सर्रास लिहितात. ऊर्जा खडकात आधीच साठलेल्या ताणाची होती. जलाशयाचा भार आणि भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब हे निमित्त ठरलं, असं मानलं जातं. 'धरणामुळे प्रेरित भूकंप' असं लिहा.

किल्लारी भूकंपाच्या ६.२ महत्तेची (भूकंपात मोकळ्या झालेल्या ऊर्जेच्या मापाची) तुलना २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्राजवळच्या भूकंपाच्या ९.१ शी करताना 'दीडपट मोठा' असं लिहू नका. रिश्टर असो वा आजची मोजपट्टी, एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणजे इथला फरक वीस हजार पटींहून जास्त. तरीही किल्लारी परिसरात जवळपास दहा हजार माणसं गेली. नाभी (जमिनीखाली भूकंप सुरू होतो ती जागा) उथळ होती, माणसं झोपेत होती आणि घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद. भूकंपाची महत्ता एकच असते. तीव्रता, म्हणजे त्या जागी जाणवलेला हादरा, मात्र गावागणिक बदलते. प्रश्नात दोन्हींपैकी कोणती विचारली आहे, ते आधी नीट वाचा.