लोकल उभीच होती

माझा एम.ई.चा प्रबंध धावत्या लोकलमधल्या मोबाइल सिग्नलच्या सिम्युलेशनवर होता. त्यातली लोकल ताशी 100 किलोमीटरनं धावायची. निदान माझी तशी समजूत होती. सादरीकरणात बाहेरून आलेल्या सरांनी माझा आलेख जरा वेळ न्याहाळला आणि विचारलं, "ही गाडी ठाणे स्टेशनात उभी आहे का?" सगळे हसले. मीही हसले, कारण मला काही कळलंच नव्हतं.

रेले फेडिंग (अनेक वाटांनी आलेल्या लहरी मिसळून सिग्नल कमी-जास्त होणं), डॉप्लर (वेगामुळे लहरीची वारंवारता सरकणं) तुम्हाला येतं असं धरते. ताशी 100 म्हणजे सेकंदाला 27.8 मीटर, 3.5 गिगाहर्ट्झच्या सिग्नलला कमाल डॉप्लर 324 हर्ट्झ. (ताशी वेग तसाच कोडात टाकलात तर 1167 येईल. तेही करून झालंय, पण ते एका संध्याकाळीच सापडलं.)

खरा घोळ वेगळा होता. दर पॅकेटला चॅनलचा (टॉवर ते फोन या वाटेचा) नवा रँडम गुणक काढायचा आणि पॅकेटभर तोच वापरायचा. सिनियरच्या कोडात तसंच होतं. म्हणजे पॅकेटभर गाडी उभीच. माझं पॅकेट 14 सिम्बॉलचं (सिम्बॉल म्हणजे एका वेळी पाठवलेला माहितीचा तुकडा), 1 मिलिसेकंदाचं, पायलट (चॅनल ओळखायला पाठवलेला आधीच ठाऊक असलेला सिग्नल) फक्त पहिल्या सिम्बॉलवर. तेवढ्या वेळात समोरून येणाऱ्या लहरीची फेज जवळपास 117 अंश फिरते. क्यूपीएसकेत (चार फेजांतून दोन-दोन बिट पाठवायच्या पद्धतीत) 45 अंशांपलीकडे गेलं की बिट चुकला! म्हणजे शेवटचे सिम्बॉल कचराच. अशा वेळी पॉवर कितीही वाढवा, एरर रेट (चुकलेल्या बिटांचं प्रमाण) एका पातळीला येऊन अडकतो. माझ्या आलेखातली रेघ मात्र सरळ खाली, देखणी. चार महिने मी तिच्यावर खूश होते.

म्हणून एरर रेट आधी काढूच नका. चॅनलचं ऑटोकोरिलेशन (आत्ताचा चॅनल थोड्या वेळानंतरच्या चॅनलशी किती जुळतो ते) काढा. 324 हर्ट्झला बेसेलचा वक्र (या जुळणीचा सिद्धांतातला आलेख) 1.18 मिलिसेकंदाला पहिल्यांदा शून्य गाठतो. तुमचा तिथे गाठत नसेल तर थांबा. गाईड निकाल बघतात, कोड उघडत नाहीत. त्यांच्या भरवशावर राहू नका.

हा वक्रही क्लार्क या संशोधकाच्या 1968च्या गृहीतकावर उभा आहे: लहरी चहूबाजूंनी सारख्याच येतात. गाडी पारसिक बोगद्यात शिरली की त्या मुख्यतः पुढून आणि मागून येतात. तिथे हा वक्र लावू नका.

घाबरू मात्र नका. कोड दोन दिवसांत सुधारला. आलेख पुन्हा काढायला सहा आठवडे गेले, पण प्रबंध पास झाला.

सुधारलेली फाइल मी लॅबमध्ये त्याच फोल्डरात ठेवली आहे. नवी मुलं अजून जुनीच उचलतात. तिचा आलेख देखणा येतो ना.