टीव्हीवर संवाद ऐकू येत नाहीत? आवाज वाढवण्याआधी हे करा

नुसता आवाज वाढवला की संवादांबरोबर पार्श्वसंगीत आणि स्फोटही वाढतात, आणि मुंबईच्या चाळीत रात्री ११ वाजता भिंतीपलीकडचं घर जागं होतं. चित्रपट-मालिकांचा मूळ आवाज बहुधा ५.१ ध्वनीत, म्हणजे सहा वेगळ्या ध्वनी-चॅनेलांत असतो: त्यात संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर, पण टीव्हीचे दोनच स्पीकर सगळं एकत्र वाजवतात. म्हणून आधी ओटीटी ॲपच्या ऑडिओ मेनूत ५.१ ऐवजी स्टीरिओ (दोन चॅनेलचा आवाज) निवडा. मग टीव्हीत ‘क्लिअर व्हॉइस’सारखा मोड लावा, सराउंड बंद करा, बेस थोडा उतरवा. नाइट मोड असेल तर जरूर वापरा. तो मोठे आवाज दाबतो. साउंडबार घ्यायचाच तर ३.१ (डावा, मधला, उजवा स्पीकर आणि बेससाठी सबवूफर) घ्या, २.१ मध्ये मधला स्पीकरच नसतो.