व्हील स्टड घरी बदलताय? या चुका टाळा

चाकाचा स्टड (हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल भागातून, बाहेर आलेला आट्यांचा दांडा, ज्यावर चाकाचा नट लागतो) तुटला की बरेच जण म्हणतात, चारपैकी तीन आहेत ना, मग चालतंय की. नाही चालत. एक गेला की त्याचा भार उरलेल्यांवर येतो आणि ते उरलेले पण बहुधा त्याच इम्पॅक्ट गनने (गॅरेजमधलं नट आवळायचं मशीन), तेवढ्याच जोरात आवळलेले असतात, म्हणजे तेही आतून ताणले गेलेले असू शकतात. एकाच चाकाचे दोन तुटले असतील तर सरळ त्या चाकाचे सगळेच बदला, स्टड काही फार महाग येत नाहीत.

आधी बघा की तुमच्या गाडीला स्टड आहेत का. फोक्सवॅगन, स्कोडावाल्यांना स्टड नसतातच, बोल्ट असतो, तो नवीन घेऊन लावला की झालं (हबमधले आटे गेले असतील तर मात्र वेगळं काम). मारुती, ह्युंदाई, टोयोटा, होंडाला स्टड आणि नट.

आता पहिली मोठी चूक, चुकीच्या आट्याचा स्टड. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना बारा एमएम जाडी आणि १.२५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर, एमएममध्ये), ह्युंदाई, टोयोटा, होंडाच्या बहुतेक गाड्यांना जाडी तीच पण पिच १.५ (ग्लान्झासारख्या मारुतीवरून बनलेल्या टोयोटाला मात्र मारुतीचाच). डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. चुकीचा नट हाताने दोन-तीन आटे छान जातो आणि मग अडकतो, आणि इथेच लोक पाना लावून दामटतात, मग दोन्हीचे आटे गेले. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, नाही फिरला तर थांबायचं. आणि नुसता पिच जुळून भागत नाही. स्टडच्या मानेवर जे बारीक दाते असतात ना, त्या दात्यांमुळेच तो हबमध्ये घट्ट बसतो, त्यामुळे दात्यांची जाडी आणि लांबी पण तीच लागते. जुना स्टड खिशात घालूनच दुकानात जा, पुण्यात असाल तर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत, आणि व्हर्नियरने (जाडी मोजायची पट्टी) मोजून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट किंवा लेथवर कापून घेतलेला तुकडा चाकाला लावू नका, प्लीज. व्हील स्टडचं स्टील वेगळ्या ताकदीचं असतं.

गाडी उचलताना नुसत्या डिकीतल्या जॅकवर भरवसा नको. जॅक स्टँड लावा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावा, कारण मागच्या ड्रमचं काम असेल तर हँडब्रेक सोडावाच लागतो. पुढे डिस्क असेल तर कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) खोलल्यावर तो ब्रेकच्या पाइपवर लटकत ठेवायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा. बऱ्याच छोट्या गाड्यांत मागचा ड्रम आणि हब एकच असतं, बेअरिंग पण त्यातच, तिथे मधला मोठा नट खोलावा लागतो आणि तो नंतर ठरलेल्या टॉर्कलाच (आवळायचा मोजून ठरवलेला जोर) लागतो. तो टॉर्क माहीत नसेल तर मागचं चाक घरी करू नका.

जुना स्टड काढायला हातोडा सगळेच मारतात. हब गाडीवर असताना घण मारला की मार थेट बेअरिंगला बसतो, आणि मग काही दिवसांनी स्पीडला घूं घूं आवाज सुरू होतो आणि लोक टायरला दोष देत बसतात. बॉल जॉइंट काढायचा प्रेस मिळतो, त्याने दाबून काढा. मागे जागा नसेल तर हब हळूहळू फिरवून बघा, बहुतेक गाड्यांत एका ठिकाणी स्टड बाहेर पडेल एवढी फट सापडते.

आता नवीन बसवणं, सगळी गंमत इथेच आहे. मागून स्टड घाला, दाते जुन्या खाचांत जुळवा, पुढून चार-पाच जाड वॉशर टाका, वॉशरना थोडं ग्रीस, आणि एक जुना आरपार नट उलटा लावा म्हणजे सपाट बाजू वॉशरकडे. टोपीवाला बंद नट नको, तो टोकाला अडकतो आणि तुम्हाला वाटतं बसला. मग साध्या पान्याने सावकाश ओढा, गन नको. ओढताना एकसारखा जड जातो आणि एका क्षणी एकदम कडक थांबतो, पण हाताच्या अंदाजावर सोडू नका, टॉर्च घेऊन मागून बघा, डोकं हबला सगळीकडून चिकटलंय का, नख जाईल एवढी पण फट नको. कित्येक जण चाक लावून त्याच्या नटानेच स्टड ओढून घेतात, त्यात नटाची तिरकी बाजू खराब होते आणि स्टड अर्धवट राहिलेला कळतच नाही. मग गाडी चालली की तो उरलेला सरकतो आणि नट ढिला पडतो. मला विचाराल तर तुटलेल्या स्टडपेक्षा हा अर्धवट बसलेला जास्त घातक, कारण बाहेरून सगळं ठीकच दिसतं.

चाक लावायच्या आधी हबचा गंज वायर ब्रशने साफ करा, कोकणात गाडी असेल तर हे हमखास करावं लागतं. आट्यांना ऑइल लावू नका, त्याने तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. नट समोरासमोर आवळा, छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर, नक्की आकडा मॅन्युअलमधून घ्या. पान्यावर उभं राहून आवळू नका.

साधारण ५० ते १०० किमी झाले की टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणारा पाना) परत चेक करा. नवीन स्टडचा नट किंचित फिरला तर ठीक, परत मागून डोकं बघा आणि आवळा. पण प्रत्येक वेळी फिरतोय किंवा नटासोबत स्टडच गोल फिरतोय, तर हबचं भोक मोठं झालंय. तिथे वेल्डिंग मारून देतो म्हणणारे भेटतील, ऐकू नका, हबच बदला.