लॉन बोल्सचं ग्रीन सांभाळायचंय? मग आधी दव झाडायला शिका

२०२२ ला आपल्या भारताच्या चौघींनी कॉमनवेल्थ गेम्समध्ये लॉन बोल्समध्ये साऊथ आफ्रिकेला १७-१० हरवून गोल्ड आणलं ना, ते इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पाच्या ग्रीनवर. तसं ग्रीन (जड चेंडू, म्हणजे बोल, घरंगळवत खेळायचं ते सपाट गवताचं मैदान) राखायचं म्हणजे रोजचं काम आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं काम सकाळचं.

लांब लवचिक काठी घ्यायची आणि गवतावरून सपकन फिरवायची, पात्यावर दवाचे थेंब बसलेले असतात ते उडतात, गवत लवकर सुकतं आणि फ्युझेरियम या बुरशीचे ते तांबूस डाग पडायचे चान्सेस कमी होतात. कंटाळा करू नका, प्लीज.

कटिंगला सिलिंडर मोवरच पाहिजे, म्हणजे गोल फिरणाऱ्या पात्यांचं, कात्रीसारखं गवत कापणारं मशीन. गवताची उंची सीझनमध्ये साधारण ५ मिमी, थंडीत ८ च्या आसपास. आज या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकं कापलं तर पुढच्या वेळी दुसऱ्या तिरक्या दिशेने, नाहीतर गवत एकाच बाजूला झोपतं आणि बोल भलतीकडेच वळतो. ब्लेडला धार आहे का बघायला कागद कापून बघा, फाटला तर गवतपण फाटणार.

स्पीड सेकंदात मोजतात, बोलला २७ मीटर जाऊन थांबायला जितका जास्त वेळ तितकं ग्रीन फास्ट! उलटं वाटतं, पण स्लो ग्रीनवर जोर लावून टाकावा लागतो म्हणून बोल पटकन पोचतो.

पाणी कमी वेळा पण खोलवर द्या. इंग्लंडमध्ये सप्टेंबरात सीझन संपला की लगेच वाळकं गवत खरवडून काढायचं, भोकं पाडायची, फेस्क्यू-बेंट या बारीक पात्यांच्या गवतांचं बी टाकायचं आणि वरून वाळूमिश्रित माती पसरून लेव्हल करायची.