दोन्ही बाह्या एकाच हाताच्या: गावात शिवणवर्ग घेणाऱ्या नव्या प्रशिक्षिकांसाठी

शिवणवर्गाचा हिशेब बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्रांवर लावतात. वीस जणी आल्या, वीस प्रमाणपत्रे वाटली, फोटो निघाला. सहा महिन्यांनी त्याच गावात चक्कर मारा, मोजक्या घरांत मशीनचा आवाज येतो. बाकीच्यांच्या मशीनवर टीव्ही ठेवलेला असतो. शिकवण्यात खोट नसते, पहिले पैसे हातात पडायला उशीर झालेला असतो. म्हणून वर्गाची आखणी उलट्या टोकाने करायची. गावात पैसे मोजून कोण काय शिवून घेते, त्यासाठी तालुक्याला किती खेपा घालते, हे आधी बघायचे. काय शिकवायचे ते त्यावरून ठरते. बहुतेक गावांत उत्तर एकच येते: फॉल-पिको आणि अस्तराचा ब्लाउज. फ्रॉक, झबले, पिशव्या सरावाला ठीक आहेत, पण त्यांवर घर चालत नाही.

महिना नीट निवडा. खुरपणीत, सोयाबीन काढणीत वर्ग लावलात तर हजेरीपट कोराच राहणार, कारण रोजची मजुरी बुडवून कोणी येणार नाही. कापसाच्या पट्ट्यात वेचणी संपल्यावर, म्हणजे जानेवारीच्या मध्याला सुरुवात करा. रोज चार तास आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर 60 दिवस मार्चअखेर भरतात. एप्रिल-मे लग्नसराईचे, म्हणजे हात बसतो तेव्हाच गिऱ्हाईक दारात असते. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत मात्र हे गणित चालत नाही. तिथल्या बायका दिवाळीनंतर निघतात आणि उन्हाळ्यातच परततात. रोजची वेळ दुपारी बारा ते चार, स्वयंपाक-भांडी उरकल्यानंतरची आणि दूध काढायच्या आधीची.

जागेबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. देवळाचा सभामंडप फुकट मिळतो, मोठा असतो, वाराही येतो. पण पाळीचे दिवस पाळणाऱ्या बायका महिन्यातून चार दिवस तिकडे फिरकत नाहीत आणि कारणही सांगत नाहीत. नेमका त्याच दिवसांत मुंढा, म्हणजे बाही जोडायचा खांद्याजवळचा गोल काप, शिकवून झालेला असतो. पुढाऱ्याच्या वाड्यावर वर्ग घेतलात तर वस्तीवरच्या बायका उंबऱ्यापर्यंत येतात आणि तिथूनच परत जातात. जिथे सगळ्यात लांबच्या वस्तीवरची बाई न संकोचता येईल, शौचालय असेल आणि लहान मूल झोळीत झोपवता येईल, ती जागा घ्या. समाजमंदिर, अंगणवाडीची रिकामी खोली, ग्रामपंचायतीची जुनी इमारत, काहीही चालेल.

वीस जणींना किमान दहा मशीन हवीत. एका मशीनवर दोघी, एक शिवते आणि दुसरी बघते. तिसरी असली की ती दाराशी जाऊन बसते. सुरुवातीला काळी पायमशीनच बरी. मोटर लावलेल्या मशीनवर भारनियमनात अख्खी दुपार वाया जाते, शिवाय नवख्या हाताला वेग आवरत नाही.

पहिले दोन दिवस धागा ओवायचाच नाही. आधी मशीनवर नुसते पाय चालवायचे. चाक उलटे फिरले की धागा तुटतो आणि सुरुवातीला ते दर मिनिटाला उलटे फिरते. पायाला लय आली की वहीचा रेघी कागद सुईखाली धरायचा. रेघेवरून छिद्रे सरळ गेली पाहिजेत. मग चौकोन, मग वर्तुळ. कागदावर चूक लपत नाही. कागदाने सुई बोथट होते, म्हणून कापडाला हात लावण्याआधी ती बदलायची. साध्या सुती कापडाला 14 नंबर, जाडजूड कापडाला 16, रेशमी-तलम कापडाला 11. जुनी सुई काढण्यापूर्वी तिची चपटी बाजू कुठे आहे ते बघून ठेवायचे. उलटी बसली की टाके सुटत राहतात आणि बाई म्हणते, मशीनच खराब आहे.

दुसरी हमखास अडचण गुंत्याची. कापडाखाली धाग्याचा गुंता दिसला की सगळ्या जणी बॉबिन केस, म्हणजे खालच्या धाग्याची डबी, काढून त्याचा स्क्रू पिळू लागतात. खाली दिसणारा गुंता बहुतेक वेळा वरच्या धाग्याने घातलेला असतो. धागा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये तो बसलेलाच नसतो. कापड दाबणारा मशीनचा पाय वर उचलून धागा ओवला की चकत्या उघड्या असतात आणि तो नीट आत जातो. ही एक सवय लावली की मेकॅनिकच्या निम्म्या खेपा वाचतात.

मापाला बायका घाबरतात. शाळा पाचवी-सातवीत सुटलेली असते, अपूर्णांक कधी जमलेले नसतात. पण त्याच बाईला बाजारात पाव, पाऊण, सव्वा, दीड तोंडपाठ असते. फळ्यावर अंश-छेद मांडू नका. छातीचे माप 36 आले तर टेपची 36 पर्यंतची लांबी दोनदा दुमडायला सांगा, हातात 9 येतात. त्यात अर्धा इंच सैलपणा आणि दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड, मिळवली की 11. माया सोडायचा कंटाळा करू देऊ नका. बाळंतपणानंतर तोच ब्लाउज उसवून सैल करता आला की गिऱ्हाईक पुन्हा याच दारी येते. पाव इंचाखालचे माप सुतात सांगा, दोन सूत म्हणजे पाव इंच. सुताराच्या घरची बाई वर्गात असेल तर तीच बाकीच्यांना शिकवते.

कात्री पहिल्यांदा रद्दीवर, मग खाकी कागदावर आणि त्यानंतरच कापडावर चालवायची. इथे नवख्या हाताची सगळ्यात महाग चूक होते: दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात. बाहीचा पुढचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त खोल कापावा लागतो. एक बाही कापून झाली की बाई तोच कागद तसाच्या तसा कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर ठेवते आणि दुसरी कापते. खोल बाजू दोन्हींत एकीकडेच येते. टू बाय टूवर, म्हणजे ब्लाउजच्या साध्या सुती कापडावर, हे कळत नाही, उलट-सुलट सारखेच दिसते, बाही उलटी करून लावली की काम भागते. काठपदराच्या ब्लाउजपीसवर मात्र चूक उघडी पडते, कारण काठ एकच असतो आणि तो बाहीच्या तोंडाशीच यावा लागतो. सुलटीवर सुलट ठेवून दोन्ही बाह्या एकदम कापायच्या. कापल्या कापल्या उलट्या बाजूला खडूने फुली आणि पुढच्या मुंढ्यावर बारीक कट. वर्गात हा धडा एकदा देऊन भागत नाही. तो तीनदा तरी घ्या, आणि एकदा मुद्दाम काठाच्याच कापडावर. जुन्या साडीचे काठ त्याला पुरतात.

अस्तर न भिजवता कापणे ही त्याच्या खालोखालची चूक. सुती अस्तर पहिल्याच धुण्यात आटते, वरचे कापड तेवढेच राहते आणि ब्लाउज पाठीवर गोळा होतो. रात्रभर पाण्यात ठेवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच अस्तर कापायचे. साडीच्या फॉललाही हाच नियम.

फॉलला एवढे महत्त्व देण्याचे कारण, तो हातशिलाईनेही लावता येतो. तिसऱ्या आठवड्यात, मशीनवर हात बसलेला नसतानाही, बाई शेजारणीच्या साडीचा फॉल लावून पैसे घेऊ शकते. त्या पैशाने घरातली कुरबूर जेवढी थांबते तेवढी तुमच्या भाषणाने थांबत नाही. पिकोचे मशीन महाग असते, ते सगळ्या बॅचमध्ये किंवा बचत गटात एकच पुरते.

आता दराचे बघू. समजा अस्तराच्या ब्लाउजची शिलाई 200 रुपये ठरली. अस्तर 50, धागा-हुक 10, उरले 140. नवशिकीला पाच तास लागतात, म्हणजे तासाला 28 रुपये. हात बसल्यावर तीन तासांत होतो, तेव्हा 46 च्या पुढे जातो. हा हिशेब प्रत्येकीकडून तिच्याच वहीत मांडून घ्या. सुरुवातीची कमाई शेतमजुरीपेक्षा कमी दिसली तर धीर सुटतो. वेग वाढला की आकडा बदलतो, हे आधीच दिसलेले बरे. दरपत्रक गटाच्या नावाने छापून भिंतीवर लावायला सांगा. जाऊबाई, नणंद, अख्खी भावकी फुकटात शिवून मागते आणि तोंडावर नाही म्हणणे जड जाते. “दर गटाने ठरवलाय, माझ्या हातात नाही,” एवढे म्हणायची सोय झाली की काम सोपे होते. नवीन गिऱ्हाइकाकडून अस्तराचे पैसे आधी घ्यायचे, म्हणजे उधारी राहिली तरी पदरचे जात नाही.

मशीन पहिल्या दिवशी फुकट वाटू नका. पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत कोणाचा हात चालतो ते कळते, मग खरेदीचे बोला. बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून मशीन घेतले आणि हप्ता आठवड्याला एका ब्लाउजच्या कमाईत बसवला तर ते बहुधा बंद पडत नाही. सरकारी वाटा माहीत हव्यात. जिल्ह्याच्या आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, राहण्या-जेवणासह मोफत प्रशिक्षण मिळते, मात्र तान्हे मूल असलेल्या बाईला निवासी वर्ग जमेलच असे नाही. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणात रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाखापर्यंत, पुढे 2 लाखांपर्यंत कर्ज. ही योजना आधीपासून हा धंदा करणाऱ्यांसाठी आहे आणि कुटुंबातल्या एकालाच मिळते. कालच सुई हातात धरलेल्या बाईला अर्ज भरायला लावू नका. गावपातळीच्या पडताळणीत तो अडकतो आणि तिचा विश्वास उडतो. शाळेच्या गणवेशाचे एकच मोठे काम धरून बसणेही धोक्याचे. 2024-25 मध्ये राज्यभर एकच गणवेश ठरला आणि शिलाई बचत गटांकडे आली, पुढच्या वर्षी अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले.

वर्ग संपल्यावर सहा महिने गटाच्या मासिक बैठकीला जात राहा. तीनच गोष्टी विचारा: किती ब्लाउज झाले, उधारी किती अडकली, मशीन कसे चालते. मशीन जड चालत असेल तर आधी तेल बघा. घरात असते म्हणून बायका खोबरेल घालतात, ते थंडीत थिजते आणि आत चिकटून बसते. थोडे रॉकेल घालून मशीन रिकामे चालवा, मळी सुटली की पुसून घ्या, मग मशीनचेच तेल सोडा आणि आधी एखादी चिंधी शिवून काढा, नाहीतर पहिला डाग गिऱ्हाइकाच्या कापडावर पडतो. पाय फिरतो पण चाक फिरत नाही, अशी तक्रार असेल तर चामडी पट्टा सैल झालेला असतो. अर्धा इंच कापून तार पुन्हा अडकवायची. ते तुम्ही करू नका, तिच्याकडून करून घ्या.