एनबीए संघाची फेरबांधणी: तरुण खेळाडू, मोठ्या दुखापती आणि टाळता येण्याजोग्या चुका

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स हा संघ २०१३-१४ ते २०१५-१६ या तीन हंगामांत २४६ साखळी सामने खेळला आणि त्यांपैकी अवघे ४७ जिंकला. व्यवस्थापक सॅम हिंकी यांनी हे बऱ्याच अंशी ठरवून घडवले होते. आज हरायचे, त्या बदल्यात ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेत, वरच्या क्रमांकाच्या निवडी मिळवायच्या आणि त्यांतून उद्याचा विजेता संघ उभा करायचा, अशी ती योजना होती. ओक्लाहोमा सिटी थंडरने २०१९ च्या उन्हाळ्यात साधारण हाच मार्ग धरला, दोन हंगाम भरपूर मार खाल्ला आणि २०२५ मध्ये अजिंक्यपद मिळवले. फिलाडेल्फियाला मात्र २०२५ पर्यंत आपल्या विभागाची अंतिम फेरीसुद्धा गाठता आली नव्हती. दोन्ही संघांच्या वाट्याला मोठ्या दुखापतीतून सावरणारे तरुण खेळाडू आले होते. नशिबाचा भाग दोन्हीकडे होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण फरकाचा मोठा हिस्सा वेळेच्या हिशेबात सापडतो. संघाचे वेळापत्रक एक असते, जखमी शरीराचे दुसरे आणि कराराचे तिसरे. फेरबांधणीतल्या बहुतेक चुका ही तीन वेळापत्रके एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

पराभवालाच योजना समजणे

तळाला राहिले की पहिली निवड आपलीच, हा समज अजूनही अनेक चाहत्यांच्या मनात आहे. ड्राफ्टची लॉटरी पूर्वी सर्वांत कमकुवत संघाला पहिल्या क्रमांकाची २५ टक्के शक्यता देत असे. २०१९ मध्ये नियम बदलले आणि तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्केच शक्यता उरली. शिवाय सोडतीने पहिले चार क्रमांक ठरू लागल्यामुळे शेवटचा संघ पाचव्या क्रमांकापर्यंत घसरण्याची शक्यता जवळजवळ निम्मी झाली. डेट्रॉइट पिस्टन्सने २०२२-२३ मध्ये १७ आणि पुढच्या हंगामात १४ सामने जिंकले, त्या दुसऱ्या हंगामात सलग २८ पराभव सोसले, आणि दोन्ही वेळा त्यांच्या हाती पाचवी निवड पडली. २०२५ मध्ये हेच युटा जॅझच्या वाट्याला आले. त्या वर्षी पहिली निवड, म्हणजेच कूपर फ्लॅग, १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलस मॅव्हरिक्सकडे गेला.

पराभव हा फेरबांधणीचा खर्च आहे, त्याला गुंतवणूक म्हणू नये. एखादा संघ योग्य दिशेने चालला आहे की नाही हे तपासायचे असेल, तर गुणतक्त्याकडे न पाहता साधा प्रश्न विचारावा: या हंगामात कोणत्या खेळाडूंना पुढच्या चांगल्या संघात लागणारे काम करायला मिळाले? ओक्लाहोमाचे या बाबतीतले उत्तर पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. पॉल जॉर्जला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे पाठवताना त्यांनी पहिल्या फेरीच्या पाच निवडी आणि दोन अदलाबदलीचे हक्क (आपली निवड देऊन समोरच्याची वरची निवड घेण्याची मुभा) घेतले, हे सर्वांना आठवते. पण त्याच व्यवहारात शे गिल्जस-अलेक्झांडर हा एक हंगाम खेळलेला गार्ड, म्हणजे चेंडू हाताळणारा खेळाडू, त्यांना मिळाला, आणि पुढे सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला तो त्यानेच. संघ त्याच्याभोवती रचला गेला. निवडी ही पुरवणी होती, आणि त्या पाचांपैकीच एकीतून २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स आला.

क्रमांक पाहणे, घडण न पाहणे

फिलाडेल्फियाने २०१३ मध्ये जरू हॉलिडे हा ऑल-स्टार गार्ड देऊन नर्लेन्स नोएल घेतला, २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जोएल एम्बीड आणि २०१५ मध्ये पुन्हा तिसऱ्या क्रमांकावर जलील ओकाफोर. तिघेही सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू. प्रत्येक वेळी उपलब्ध असलेला सर्वांत गुणी खेळाडू घ्यावा हे तत्त्व कागदावर बिनचूक आहे, पण मैदानावर बास्केटजवळची जागा एकच असते. त्या जागेसाठी तिघे भांडू लागले की त्यांची मिनिटे घटतात, कौशल्य वाढत नाही आणि व्यवहाराच्या बाजारात त्यांची किंमतही उतरते. नोएलच्या बदल्यात २०१७ मध्ये फारसे काही मिळाले नाही, ओकाफोरच्या बदल्यात त्याहून कमी. हॉलिडेने पुढे मिलवॉकी आणि बॉस्टन अशा दोन संघांकडून अजिंक्यपद जिंकले, हे फिलाडेल्फियाच्या जुन्या चाहत्यांसमोर न काढलेलेच बरे.

सगळ्या दुखापती एकाच मापाने मोजणे

"हा हंगाम गेला, पुढच्या हंगामात परत येईल" हे वाक्य गुडघ्याला, टाचेला, पायाच्या हाडाला आणि पाठीला सारखेच लावले जाते. ही चूक चाहते करतात तशी व्यवस्थापकही करतात.

नोएलच्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांधा स्थिर ठेवणारा अस्थिबंध, फेब्रुवारी २०१३ मध्ये, केंटकी विद्यापीठाकडून खेळताना तुटला होता. एसीएलच्या जागी शरीरातल्याच दुसऱ्या ऊतीचा तुकडा बसवतात आणि त्याला भार पेलण्याइतके पक्के व्हायला साधारणपणे नऊ ते बारा महिने लागतात. हा मार्ग लांब असला तरी बराचसा परिचित आहे, आणि नोएलला पूर्ण २०१३-१४ हंगाम बाहेर ठेवण्याचा निर्णय योग्यच होता. एम्बीडची गोष्ट वेगळी. त्याच्या उजव्या पायाचे नॅव्हिक्युलर हाड मोडले होते. पावलाच्या कमानीतल्या या लहानशा हाडाला रक्तपुरवठा मुळात कमी असतो, त्यावर येणारा भार मात्र प्रचंड, आणि खेळाडू सात फूट उंचीचा. जून २०१४ मध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली, हाड अपेक्षेप्रमाणे जुळले नाही, ऑगस्ट २०१५ मध्ये दुसरी करावी लागली आणि दोन पूर्ण हंगाम गेले. २०१६ च्या पहिल्या क्रमांकाच्या निवडीचे, बेन सिमन्सचे, उजव्या पायाचे पाचवे मेटाटार्सल, म्हणजे करंगळीमागचे पावलाचे हाड, सराव शिबिरात मोडले. ते हाडही सावकाश भरून येणाऱ्यांपैकीच. त्याचाही पहिला हंगाम कोराच गेला.

गुडघ्यातल्या मेनिस्कसच्या बाबतीत तर एकाच नावाच्या दुखापतीची दोन वेगळी वेळापत्रके असतात. कूर्चेचा फाटलेला भाग कापून टाकला तर खेळाडू काही आठवड्यांत परततो, पण धक्का शोषणारा तेवढा भाग कायमचा जातो. टाके घालून तो वाचवला तर परतायला अनेक महिने लागतात, मात्र गुडघ्याचे आयुष्य वाढते. बावीस वर्षांच्या खेळाडूबाबत आणि तळाच्या संघाबाबत दुसरा पर्याय शक्य असेल तर पहिल्याचा मोह का पडावा, हे मला कधीच नीट कळलेले नाही. बातमी वाचताना शस्त्रक्रिया झाली एवढ्यावर न थांबता कोणती झाली हे शोधावे.

पाठीच्या दुखण्याबाबत डेन्व्हर नगेट्सचे उदाहरण बोलके आहे. मायकेल पोर्टर ज्युनिअर हा आपल्या पिढीतल्या सर्वांत गाजलेल्या नावांपैकी एक, पण पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे २०१८ च्या ड्राफ्टमध्ये चौदाव्या क्रमांकापर्यंत घसरला. डेन्व्हरने त्याला घेतले, पहिला हंगाम एकही सामना खेळवला नाही, आणि त्या हंगामात त्याच्याविना ५४ सामने जिंकले. जखमी खेळाडू घेणे हा जुगार त्यालाच परवडतो ज्याचा संघ त्या खेळाडूवर टांगलेला नसतो. पोर्टरच्या पाठीवर डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि तरीही २०२३ च्या विजेत्या संघात तो पहिल्या पाचांत होता.

तारीख ठरवून परत आणणे

डेन्व्हरच्याच जमाल मरेचा एसीएल एप्रिल २०२१ मध्ये तुटला. पुढच्या वर्षी बाद फेरी सुरू झाली तेव्हा दुखापतीला एक वर्ष पूर्ण होऊन गेले होते, आणि तो परतणार का ही चर्चा रोज चालू होती. तो परतला नाही. डेन्व्हर पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटकडून ४-१ असे हरले. एका वर्षाने मात्र तोच मरे निकोला योकिचच्या जोडीने अजिंक्यपद घेऊन गेला.

याच्या उलट प्रसंग अंतिम फेरीतच घडतात, कारण तेव्हा थांबणे माणसाला अशक्य होते. केव्हिन ड्युरँट २०१९ मध्ये पोटरीच्या दुखापतीनंतर सुमारे महिनाभराने अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात उतरला आणि त्याचा अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायुबंध, तुटला. इंडियानाच्या टायरिस हॅलिबर्टनच्या पोटरीवर २०२५ च्या अंतिम फेरीत ताण आला होता. सातव्या सामन्यात ओक्लाहोमाविरुद्ध त्याचाही अकिलीस तुटला. पोटरीच्या ताणामुळेच टेंडन तुटला असे प्रत्येक वेळी सिद्ध करता येत नाही, आणि अंतिम फेरीतला सातवा सामना सोडायला कोणी खेळाडूला सांगावे अशी माझी अपेक्षाही नाही. पण इंडियानाने त्यानंतर काही दिवसांतच हॅलिबर्टन पुढचा पूर्ण हंगाम खेळणार नाही असे जाहीर करून टाकले, ते अनुकरणीय आहे. रोजच्या अटकळी संपल्या आणि खेळाडूवरचा दबावही हटला.

फेरबांधणी करणाऱ्या संघाकडे तर अंतिम फेरीची सबबही नसते. त्याच्याकडे एकच गोष्ट मुबलक असते, ती म्हणजे वेळ, आणि नेमकी तीच तो उधळतो. ओक्लाहोमाने ती उधळली नाही. २०२२ ची दुसरी निवड चेट होल्मग्रेन ऑगस्टमध्ये सिएटलमधल्या एका हौशी सामन्यात लेब्रॉन जेम्सला अडवताना जखमी झाला. पावलाच्या मध्यभागातली लिस्फ्रँक नावाची ही दुखापत होती. हंगाम सुरू होण्याआधीच संघाने त्याला वर्षभरासाठी बाहेर ठेवले. त्या काळात ते त्याच्याविना ४० सामने जिंकले. होल्मग्रेन पुढच्या हंगामात सर्व ८२ सामने खेळला, सरासरी ३० मिनिटांच्या आत, आणि संघाने ५७ जिंकले.

परतल्यानंतरचे पहिले वर्ष हा उपचाराचाच भाग मानावा लागतो, कारण शरीर वाचवलेल्या जागेचा भार दुसरीकडे ढकलते. डेरिक रोझचा डावा एसीएल एप्रिल २०१२ मध्ये गेला. दीड वर्षाने परतला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस फाटला. एम्बीडचा उजवा पाय बरा झाला, मिनिटांवर कडक मर्यादा घातली, तरीही २०१६-१७ मध्ये ३१ सामन्यांनंतर डाव्या गुडघ्याने त्याला थांबवले. त्यामुळे परतलेल्या खेळाडूची प्रगती पाहताना जखमी अवयवाबरोबर दुसऱ्या पायाकडेही लक्ष ठेवावे.

लक्षणाला स्वभावदोष ठरवणे

२०१७ मध्ये फिलाडेल्फियाने बॉस्टनला तिसरी निवड आणि वर पहिल्या फेरीची आणखी एक निवड देऊन पहिला क्रमांक मिळवला आणि मार्केल फुल्ट्झ घेतला. बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम घेतला. काही महिन्यांत फुल्ट्झचा फेकीचा हात ओळखू येईनासा झाला. विद्यापीठात सहज फेकणारा मुलगा मोकळा असतानाही चेंडू फेकायला कचरू लागला. त्याने धास्ती घेतली आहे, कोणी तरी त्याची शैली बिघडवली आहे, असे तर्क वर्षभर चालले. डिसेंबर २०१८ मध्ये निदान झाले ते थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचे, म्हणजे मान आणि खांद्यामधल्या जागेत नसांवर दाब येण्याचे. तोवर संघाचा धीर सुटला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला ऑर्लँडोकडे पाठवण्यात आले, आणि पुढच्या हंगामात तिथे तो ७२ सामने खेळला.

हालचालीत अचानक बदल दिसला तर आधी शरीर तपासावे आणि मन नंतर. एकविशीतल्या खेळाडूच्या हिमतीवर जाहीर शंका घेतली की पुढे निदान झाले तरी ती शंका पुसली जात नाही.

कराराचे घड्याळ विसरणे

पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा नवोदित करार जास्तीत जास्त चार वर्षांचा असतो आणि जखमी वर्ष त्यात धरले जाते. एम्बीडची दोन स्वस्त वर्षे एकही सामना न खेळता संपली, आणि फक्त ३१ सामने पाहून ऑक्टोबर २०१७ मध्ये संघाला मोठा निर्णय घ्यावा लागला. पाच वर्षांच्या, सुमारे १४.८ कोटी डॉलरच्या त्या करारात ठरावीक दुखापती पुन्हा झाल्या तर संघाला संरक्षण देणारी कलमे होती. धोका पत्करतानाही तो लेखी मोजलेला होता, आणि २०२३ मध्ये एम्बीड सर्वोत्तम खेळाडू ठरल्यावर तो व्यवहार सार्थ झाला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, गुडघ्याच्या आणखी एका शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, त्याच खेळाडूला तीन वर्षांची १९.३ कोटी डॉलरची मुदतवाढ दिली गेली; त्यानंतरच्या हंगामात तो १९ सामने खेळला. मागच्या कामाची कृतज्ञता म्हणून पुढच्या वर्षांचे पैसे देणे ही चूक सहृदय असली तरी चूकच आहे.

अनुभवी माणसे फार लवकर किंवा फार उशिरा आणणे

ब्रुकलिन नेट्सने २०१३ मध्ये उतारवयातले केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स आणण्यासाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि एक अदलाबदलीचा हक्क बॉस्टनला दिला. त्यांतून पुढे बॉस्टनला जेलन ब्राउन मिळाला, आणि टेटमला आणण्यासाठी जी पहिल्या क्रमांकाची निवड त्यांनी फिलाडेल्फियाला दिली तीही याच व्यवहारातून आलेली. हे झाले टोकाचे. पण तरुणांच्या संघात एकही जाणता माणूस न ठेवणे हेही तितकेच महाग पडते. १४ विजयांच्या हंगामानंतर डेट्रॉइटने टोबायस हॅरिस, टिम हार्डावे ज्युनिअर आणि मलिक बीझली आणले, जे. बी. बिकरस्टाफ यांना प्रशिक्षक नेमले आणि ४४ सामने जिंकले. संघाचा मुख्य खेळाडू केड कनिंगहॅम तोच होता, पण आता त्याने दिलेला चेंडू बास्केटमध्ये टाकणारे हात भोवती होते. ओक्लाहोमाने तर पाच वर्षे थांबून, मुख्य खेळाडू तयार झाल्यावरच, २०२४ च्या उन्हाळ्यात ॲलेक्स कारुसो आणि आयझाया हार्टनस्टाइन घेतले.

निवडी साठवणे आणि माणसे गमावणे

संघात नियमित कराराच्या जागा पंधराच असतात, त्यामुळे ढीगभर निवडी जमवणाऱ्याला कोणाला तरी काढावेच लागते, आणि काढताना नाव नसलेला खेळाडू आधी जातो. ओक्लाहोमाचा लू डॉर्ट २०१९ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच निवडला नव्हता. आयझाया जो याला ऑक्टोबर २०२२ मध्ये फिलाडेल्फियाने करारमुक्त केले. काही दिवसांतच ओक्लाहोमाने त्याला घेतले, आणि २०२५ च्या विजेत्या संघात राखीव फळीतून तीन गुणांच्या फेकी करणारा तो होता.